खुणेची ओळ

गाणं रचून स्वतःच गाणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची भीती असते. एक घशाची, दुसरी चोराची. घसा बसला तर काढा घेऊन, चार दिवस गप्प राहून सुटतो. गाणं मात्र एकदा दुसऱ्याच्या तोंडात गेलं की परत येत नाही.

मी मुदखेडचा मारोती. जयंतीच्या मंडपात, लग्नाच्या मांडवात, मोर्चाच्या गाडीवर उभा राहून जन्मभर गायलो. या अंकाच्या संपादकांनी गायनाच्या आठवणी लिहायला सांगितल्या, तेव्हा त्यांना हारतुरे, गर्दी, वन्स मोअर असं काही हवं असावं. तेही होतं. पण मला लिहायचं आहे ते गंगाधरबद्दल. गंगाधर माझा ढोलकीवाला. त्यानं माझं गाणं दुसऱ्या पार्टीला विकलं, असं मी मुदखेडच्या भर मंडपात माइकवर सांगितलं आणि पुढं नांदेड-लातूरच्या गावोगाव सांगत फिरलो. ज्यांनी ते ऐकलं त्यांच्यातली काही माणसं अजून आहेत. हे त्यांच्यासाठी आहे.

आमचा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. गायन पार्टी म्हणजे मधे गाणारा, एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला ढोलकी आणि मागं कोरस. कोरसनं ध्रुवपद उचलायचं, अंतरा मुख्य गायकानं एकट्यानं म्हणायचा. गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात कवी स्वतःचं नाव घालतो. 'मारोती म्हणे' किंवा 'मारोतीची वाणी' असं काहीतरी. गाणं कुणाचं याचा आमच्याकडं तेवढाच पुरावा, आणि तो पुसायला चोराला एक श्वास पुरतो. मारोती काढला, दुसरा कुणी घातला, झालं. म्हणून खरा पुरावा लोकांचा कान. ज्यानं भरल्या मंडपात आधी म्हटलं त्याचं गाणं. नवं गाणं मोठ्या कार्यक्रमापर्यंत आम्ही झाकून ठेवायचो ते त्यामुळं. त्यातही जयंतीचा सामना असला, म्हणजे एकाच मंडपात समोरासमोर दोन पार्ट्या आणि आळीपाळीनं गाणी, तर विचारूच नका. तालमीला मी शेजारचा रेडिओ मोठ्यानं लावायला लावायचो. घराबाहेर कुणी विडी ओढत उभं राहिलं तरी मला वाटायचं, हा सूर धरून राहिला.

मी कुणाच्या पदरी नव्हतो. नांदेडचा एक कॅसेटवाला दर पावसाळ्यात यायचा. म्हणायचा, "मारोतीराव, सगळी गाणी माझ्याकडं बांधून टाका, तुम्ही निवांत गात राहा." तो निवांत म्हणाला की मला धडकी भरायची. एकदा एका उमेदवारानं स्वतःवर गाणं करायला सांगितलं. मी विचारलं, "काय काम केलं ते सांगा, म्हणजे ओळी जुळवतो." तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "तुम्ही चाल तर बांधा, कामं आपण नंतर टाकू." ते गाणं झालं नाही. पडला बिचारा.

आणि एक साध्या वेशातला पोलीस होता. आम्ही कुणावर काय गातो ते लिहून न्यायला तो कार्यक्रमाला यायचा. कंधारला असो की देगलूरला, तिसऱ्या-चौथ्या रांगेत मांडी घालून बसलेला. मी त्याला पाहूनच गायचो. एकदा कंधारला ऐन रंगात माझा अंतरा अडकला. पेटी फिरून फिरून तिथंच येते, मला ओळ आठवत नाही. तेवढ्यात हा खालून शांतपणे म्हणाला, "'पाटलाच्या विहिरीला', मारोतीराव." मंडप हसून लोळला. त्या दिवसानंतर तो पहिल्या रांगेत बसायला लागला. पण माझा संशय फिटला नाही. ज्याला माझी गाणी माझ्याहून पाठ आहेत, तो ती आणखी कुणाकुणाला म्हणून दाखवत असेल?

कारण गाणी फुटत होती. किल्लारीच्या भूकंपाच्या आधीच्या दोन हंगामांत माझी दोन नवी गाणी मी म्हणायच्या आधी उदगीरकडच्या एका पार्टीनं म्हटली होती. पोलीस तालमीला येत नव्हता. तालमीला असायचो आम्हीच. पेटीवाला देवराव, कोरसचे दोघे आणि गंगाधर. गंगाधरचा साडू त्या उदगीरच्या पार्टीत टाळ वाजवायचा. हे मला माहीत होतं, आणि गंगाधरला माहीत होतं की मला माहीत आहे.

गंगाधर मूळचा कंधारकडचा. काळा, उंच, कमी बोलणारा. त्याच्या ढोलकीचं वैशिष्ट्य असं की ती गाण्याच्या पुढं पळायची नाही. मी श्वास घेतला की तीही घ्यायची. असा माणूस बाजूला बसला की गाणाऱ्याला आपण आहोत त्याहून मोठे आहोत असं वाटतं. मलाही वाटलं.

तर मी एक युक्ती काढली. अंतरे मी एकटाच म्हणायचो, पण साथीदारांना ते यावेच लागतात. गायक अडकला तर पेटीवाल्यानं ओळ द्यायची असते आणि ढोलकीला कुठं थांबायचं ते कळावं लागतं. कागद मी कुणाला देत नव्हतो. तोंडीच शिकवायचो. आता एकेकाला वेगवेगळं बसवून शिकवायला लागलो आणि एका ओळीत प्रत्येकासाठी वेगळी वस्तू घालायला लागलो. ती खुणेची ओळ. गाणं बाहेर कुणाच्या तोंडी ऐकू आलं की त्या ओळीत कोणती वस्तू येते ते पाहायचं. ज्याची वस्तू त्याची चोरी. मला या युक्तीचा फार अभिमान होता.

भूकंप झाला ती गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची पहाट होती. आमच्याकडं मुदखेडला नुसती भांडी वाजली. दिवस उजाडल्यावर किल्लारीकडच्या गावांचं कळायला लागलं. मग रोज कुणी ना कुणी तिकडून यायचं आणि सांगायचं. मी ऐकायचो. ऐकताना गाणं होत होतं, ही आमच्या जातीची वाईट खोड. कविता करणाऱ्यांची जात म्हणतो मी. हिवाळ्यापर्यंत गाणं तयार झालं. त्यातला मुख्य अंतरा असा होता:

माती उपसते माय, हाताला लागलं काय?
बाळाची पाटी गं बाई, बाळ कुठं हाय?

पाटी माझी. देवरावला मी 'बाळाचा भोवरा' शिकवला. कोरसच्या एकाला 'बाळाची टोपी', दुसऱ्याला 'बाळाचा खुळखुळा'. गंगाधरला 'बाळाची चप्पल'. खरं सांगायचं तर चप्पल मला गाण्यात घालण्याजोगी वस्तू वाटत नव्हती. ती उरली होती म्हणून गंगाधरच्या वाट्याला आली.

थंडी वाढली तेव्हा मुदखेडच्या पोरांनी घोंगड्या, ज्वारी, भांडी गोळा केली आणि आम्ही पार्टीतली माणसं त्या ट्रकमधून भूकंपात घरं गेलेल्यांच्या पत्र्याच्या शेडच्या वस्तीवर गेलो. वाटप केलं, दोन जुनी गाणी म्हटली, परत आलो. तो दिवस मला पुढची कितीतरी वर्षं एवढाच आठवत होता. चांगलं काम केल्याचा दिवस म्हणून आठवत होता.

एप्रिलमध्ये मुदखेडला जयंतीचा सामना. समोर उदगीरची पार्टी. पहिली पाळी त्यांची आली. त्यांच्या गायकानं हात वर करून सांगितलं, "भूकंपात गेलेल्या लेकरांसाठी एक गाणं." आणि माझीच चाल, माझाच अंतरा. माती उपसते माय. मी पेटीचा काठ धरून बसलो होतो. सगळं अंग त्या एका ओळीची वाट पाहत होतं.

'बाळाची चप्पल गं बाई, बाळ कुठं हाय?'

मंडपातल्या बायांनी पदर डोळ्याला लावले. मी वळून गंगाधरकडं पाहिलं. तोही माझ्याकडंच पाहत होता.

आमची पाळी आली. मी गाणं म्हटलं नाही. माइक हातात घेऊन सगळं सांगितलं. गाणी कशी फुटत होती, खुणेची ओळ कशी लावली, कुणाला काय शिकवलं. लोक आधी हसले, मग गंगाधरकडं पाहायला लागले. मी म्हणालो, "चप्पल या माणसाला दिली होती. त्यानं ती साडूच्या पायात घातली." हे वाक्य सुचल्याचा मला त्या क्षणी आनंद झाला होता. तेही लिहून ठेवतो.

गंगाधर फक्त एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही हे खरंच म्हणून राहिले का?"

"म्हणून राहिलो. लाज वाटत नाही का रे तुला?"

त्यानं ढोलकी मांडीवरून उतरवली. ती पार्टीची, म्हणजे माझी होती. ती त्यानं हलक्या हातानं आडवी ठेवली, शाई लागलेली बाजू आत करून. कुणी बूट घालून वर आलं तर कातड्याचं पान फाटू नये म्हणून तो नेहमी तशी ठेवायचा. मग मंडपाच्या मागच्या बाजूनं उतरून गेला. त्याचा प्रश्न मी चोराचा कांगावा समजलो.

त्यानंतर मी तो किस्सा गाण्यांच्या मधे सांगायला लागलो. लोकांना आवडायचा. लोहा, अहमदपूर, नायगाव, जिथं जाईन तिथं फर्माईश यायची, "मारोतीराव, चपलेचं सांगा." गंगाधरला एकाही गायन पार्टीनं घेतलं नाही. ज्याच्या मांडीवर नवं गाणं ठेवायचं तोच फितूर म्हटल्यावर कोण घेणार? तो अहमदपूरला लग्नाच्या बँडमध्ये गेला असं देवरावनं सांगितलं. लाल कोट, डोक्यावर तुरा, आणि गळ्यात ढोल. मी म्हणालो, "बरंय. तिथं चोरायला काही नसतं."

पण दोन गोष्टी मला तेव्हाच दिसत होत्या. एक, उदगीरवाल्यांनी माझा तो एकच अंतरा घेतला होता. पुढचे अंतरे त्यांचे होते, आणि चांगले नव्हते. गंगाधरला गाणं पूर्ण येत होतं. विकणारा माणूस एक अंतरा कशाला विकेल? दोन, तो गेल्यावरही माझी गाणी फुटत राहिली. खुणेची ओळ मी पुन्हा कधी लावली नाही. आणखी कुणाचं नाव निघालं असतं तर पहिल्याचं काय, हा प्रश्न मला नको होता. आणि ते गाणं मी कायम 'पाटी' म्हणूनच गात राहिलो. लोक म्हणायचे, चप्पलवालं जास्त लागतं. मला ते ऐकून राग यायचा.

मग काळ बदलला. जयंतीला डीजे आले. गायन पार्टीला बोलावणं म्हणजे म्हाताऱ्यांची सोय, असं झालं. आणि तिकडं लातूरला शिकवणीचे क्लास एवढे वाढले की अख्ख्या गल्ल्या क्लासच्या, वसतिगृहांच्या आणि खाणावळींच्या झाल्या. नांदेडलाही तेच. निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकात. एकाच पोरीचा फोटो समोरासमोरच्या दोन क्लासांवर मी स्वतः पाहिला आहे. दोन्हीकडं ती हसत होती.

अशाच एका क्लासच्या सरांनी मला बोलावलं. रिक्षावर भोंगा लावून वाजवायला गाणं पाहिजे होतं. चाल गावाकडची, शब्द डॉक्टर-इंजिनियरचे. मी केलं. आम्ही कुणाच्या पदरी नव्हतो, पण जेवत होतो. ऑफिसात बसवून सरांनी दार लावलं आणि म्हणाले, "काका, निकालाच्या दिवसापर्यंत हे गाणं कुणाच्या कानावर जाता कामा नये. समोरच्या क्लासची माणसं आमच्याकडं आहेत. आमचे सराव-पेपर परीक्षेच्या आधी तिकडं पोचतात. कोण नेतं कळंना."

मला कोण आनंद झाला. त्यांना मी खुणेच्या ओळीची सगळी हकिकत सांगितली, चपलेसकट. ते ऐकत राहिले. म्हणाले, "म्हणजे प्रत्येक शिक्षकाला पेपर देताना एका गणितात वेगळा आकडा." मी म्हणालो, "हाव. ज्याचा आकडा त्याची चोरी."

पुढच्या खेपेला गेलो तर सर खुशीत होते. "सापडला काका. फिजिक्सचा होता. हात जोडून नाही म्हणत होता, पण आकडा बोलतो ना." तो शिक्षक खोली सोडून गावी निघून गेला होता. मी चहा पिऊन उठलो.

त्याच गल्लीत सुमनबाईंची खाणावळ होती. क्लासच्या पोरांना डबे देणारी. मी लातूरला गेलो की तिथं जेवायचो. बाई चाळिशीच्या पुढच्या, बोलायला मोकळ्या. त्या दिवशी वाढताना त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या आणि मी घास हातात धरून थांबलो. माती उपसते माय.

"बाई, हे गाणं कुठलं?"

"भूकंपातलं हाय बगा. आमी लहान असताना शेडमधी म्हणायचो." आणि त्यांनी पूर्ण ओळ म्हटली. चप्पल.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? मला वाटलं, हिला गंगाधरनं पाठवलं. वाचकांना हसू येईल, पण संशय हा एकदा लागला की चष्म्यासारखा असतो, काढल्याशिवाय तो आहे हे कळत नाही. मी विचारलं, "कुणी शिकवलं? उदगीरच्या पार्टीनं का?"

"कुटली पार्टी ओ? एक गाणं म्हणणारा माणूस आला होता घोंगड्याच्या गाडीसंगं. बाकीची तिकडं घोंगड्या वाटत होती, ह्यो टँकरपाशी बसून म्हणला."

"ढोलकीवाला? काळा, उंच?"

"त्यो न्हवं. त्यो तर पाण्याचा डबा वाजवत होता. गोरा, ठेंगणा, कपाळावर इथं खूण असलेला..." असं म्हणत त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि हातातला चमचा आमटीत तसाच ठेवला. "अगं बया. तुमीच की ओ."

"शक्य नाही बाई. मी पाटी म्हणतो."

"पाटी कुटली? आमच्या शेडच्या दाराला माझ्या भावाची चप्पल टांगली होती. एकच सापडली होती. आई काढू देत नव्हती. तुमी त्या चपलेकडं बगत बगत म्हणला. दोनदा म्हणला. आणि आई तुमाला काय म्हणली ते इसरला का?"

मी विसरलो होतो. त्या क्षणापर्यंत खरोखर विसरलो होतो. आणि त्यांनी सांगायच्या आधीच सगळं वर आलं. टँकरच्या गळक्या नळाखालचा चिखल. पत्र्याला तारेनं बांधलेली ती तळहाताएवढी चप्पल, अंगठ्याजवळ झिजलेली. आणि त्या बाई, माझ्याकडं न पाहता म्हणालेल्या, "लेकरू गेलं आमचं, आणि तुमी त्याच्या चपलेचं गाणं करता व्हय? उठा हितून."

मी उठलो होतो. ट्रकमध्ये जाऊन बसलो होतो. आणि ते गाणं म्हणणं होतं असं मी कधी मानलंच नव्हतं. मंडप नव्हता, माइक नव्हता, पेटी नव्हती. आमच्या हिशेबात तो कार्यक्रम नव्हे. आणि जिथून हाकलून दिलं ती जागा कोण ध्यानात ठेवतो?

"डबावाला मागं थांबला," सुमनबाई सांगत होत्या. "आईपुढं हात जोडला त्यानं. तिला पाणी दिलं. आमी पोरं मग तेवढाच तुकडा म्हणत राहिलो. लई माणसं यायची तवा, टेप घिऊन, क्यामेरे घिऊन. म्हणून दाखवलं की बिस्किटाचा पुडा मिळायचा." मग म्हणाल्या, "कुणी तुमचं गाणं चोरलं असं वाटत आसंल तर आमीच ते. बिस्किटाला इकलं."

मी सरांकडं गेलो. म्हणालो, "ती युक्ती खोटी आहे. आकडा दुसऱ्या वाटेनंही बाहेर जातो. त्या शिक्षकाला बोलवा." सर म्हणाले, "काका, आता त्या जागी माणूस लागला. आणि पेपर फुटायचे थांबलेत." मी विचारलं, "थांबलेत का?" ते म्हणाले, "जवळजवळ." भोंग्याच्या गाण्यांचं काम मी तिथंच सोडलं. त्यानं त्या शिक्षकाला काय मिळालं? काही नाही.

गंगाधरकडं मी लगेच गेलो नाही. हेही लिहायला हवं. दोन हंगाम गेले. अहमदपूरच्या स्टँडवरून माझी बस कितीदा गेली आणि मी खाली मान घालून बसलो. शेवटी देवराव वारला, तेव्हा त्याच्या मातीला गंगाधर येईल असं वाटलं होतं. तो आला नाही. मग मीच गेलो.

अहमदपूरला मोंढ्याच्या मागं त्याच्या मुलाचं घर आहे. गंगाधर ओट्यावर बसून एका पोरीला पंखा दुरुस्त करताना पाहत होता. ती त्याची नात, लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करणारी, सुट्टीला आलेली. त्यानं मला ओळखलं. उठला नाही.

"या. बसा," म्हणाला. आणि नातीला, "हे मारोतीराव. मोठे गायक." दादा म्हणाला नाही.

मी सगळं सांगितलं. सुमनबाई, चप्पल, टँकर. तो ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "हे मला काहून सांगून राहिले? मला ठावं हाय की. डबा मीच वाजवला."

"मग त्या दिवशी मंडपात बोलला का नाहीस? तिथंच म्हणायचं, तुम्हीच म्हटलं म्हणून."

"मला वाटलं तुम्हाला ठावं हाय."

मला समजलं नाही. त्यानं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. "तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणले, दोनदा. मी बाजूला. आन तेच मंडपात उभं राहून माझ्यावर घालून राहिले. मी म्हणलो, हा माणूस खोटं बोलून राहिला, जाणूनबुजून. मला काढायचं निमित्त पाहिजे आसंल. त्याच महिन्यात मी म्हणलो होतो ना, पोस्टरवर ढोलकीवाल्याचं बी नाव टाका. मला वाटलं, त्याचं हे."

पोस्टरची गोष्ट मला आठवतही नव्हती. म्हणजे इतकी वर्षं त्याच्या मनात मी चुकलेला माणूस नव्हतो. मी ठरवून त्याचं नाव घालवणारा माणूस होतो. आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मारोतीरावांसमोर ढोलकीवाल्याचं कोण ऐकणार?

"गंगाधर, मी खरंच विसरलो होतो रे."

"आसंल."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा."

"तुमचा होता का?"

नात पंख्यातून मान वर न काढता म्हणाली, "आजोबा, चहा सांगू का भांडण झाल्यावर सांगू?" तो हसला. पूर्वी ढोलकी आवळून झाली की हसायचा तसा, ओठ न उघडता.

चहा आला. मी म्हणालो, "मी हे लिहिणार आहे. दिवाळीच्या अंकात. ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना कळू दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यानं ते पाहिलं, तेव्हा मला पुन्हा तोच जुना संशय आला, या वेळी स्वतःचा. मी हे रडतो आहे ते कुणासाठी?

गंगाधर बशीतला चहा संपवून म्हणाला, "लिहा. पण मला बिचारा करू नका. तुमची ती खोड हाय, कुणाचं बी गाणं करायची. बँडमधी मी लई वर्षं वाजवलं, चांगलं वाजवलं. अहमदपुरात माझ्या ढोलाबिगर वरात निघत नव्हती. ते बी लिहा पाहिजे तर. न्हाई लिहिलं तरी चालंल. एक तेवढं लिहा. जसं सांगतो तसंच लिहा, तुमचे शब्द घालू नका. ही वाचून दाखवील मला."

नातीनं मान हलवली. मी खिशातलं पेन काढलं. त्यानं एकेक शब्द सांगितला आणि मी लिहिला. नातीनं ते सगळं मला परत वाचायला लावलं, वस्तू बदलली नाही ना ते पाहायला.

गंगाधरनं ते गाणं विकलं नाही. ते मारोतीनंच म्हटलं होतं आणि गंगाधर डब्यावर साथीला होता.